मायक्रोकंट्रोलरला केबलने नेटवर्कवर आणताना: एकेक पायरी तपासत

डब्ल्यू५५०० या इथरनेट चिपचं छोटं मॉड्यूल हातात आलं की ते लगेच मायक्रोकंट्रोलरला जोडू नका. आधी त्याला नुसते ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड द्या, जॅकमध्ये इथरनेटची केबल बसवा आणि दुसरं टोक राउटरच्या किंवा स्विचच्या रिकाम्या पोर्टला लावा. दोन-चार सेकंदांत जॅकवरचा दिवा लागतो आणि राउटरच्या बाजूचाही लागतो. अजून एक ओळ कोड लिहिलेला नाही, लाइब्ररी उतरवलेली नाही, एसपीआयची (मायक्रोकंट्रोलर आणि चिप यांच्यातल्या संवादाची) एकही वायर जोडलेली नाही, तरीही दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखलं आहे.

या प्रयोगातून एक गोष्ट कायमची लक्षात राहते. नेटवर्क हे थरांचं काम आहे आणि प्रत्येक थर वेगळा तपासता येतो. वीज, लिंक, चिपशी संवाद, पत्ता, पिंग (उपकरण उत्तर देतं का हे पाहणारी छोटी हाक) आणि शेवटी आपली माहिती असा तो क्रम. बहुतेक जण सगळं एकदम जोडतात, उदाहरणाचा कोड चढवतात आणि तो चालला नाही की कोडकडे टक लावून बसतात. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा दोष कोडच्या खूप खाली, वीज किंवा वायरमध्ये सापडतो. म्हणून या लेखात खालून वर जाऊ आणि आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढायची नाही.

वायर कुठे हवी, कुठे नको

वाय-फाय असताना केबल ओढायचा खटाटोप कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उपकरण धातूच्या पेटीत असेल, तळघरात असेल, आजूबाजूला पंचवीस वाय-फाय नेटवर्कांची गर्दी असेल किंवा ते वर्षभर हात न लावता चालायला हवं असेल, तर केबल घाला. पासवर्ड बदलला म्हणून ती तुटत नाही. शिवाय इथरनेटच्या जॅकमागे ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो सिग्नल विजेपासून वेगळा ठेवतो. साधारण १५०० व्होल्टपर्यंतचं हे विलगीकरण आपल्याला न मागता मिळतं. दोन लांबच्या उपकरणांचे ग्राउंड एकमेकांशी भांडतात तेव्हा साध्या सिरियल वायरीवर जो त्रास होतो, तो इथे होत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूसाठी मात्र केबलचा विचार सोडून द्या. डब्ल्यू५५०० ची १०० मेगाबिटवर लिंक जुळली की ती सतत सुमारे १३० मिलिअँपिअर घेते. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पंधरा तासांत संपेल, आणि यात मायक्रोकंट्रोलरचा खर्च धरलेलाच नाही.

चिप निवडताना विचारायचा प्रश्न

टीसीपी-आयपीचं काम, म्हणजे माहिती पाकिटांत घालून योग्य पत्त्याला पोचवणं, कोण करणार, चिप की मायक्रोकंट्रोलर? याचं उत्तर ठरलं की निवड झाली.

डब्ल्यू५५०० मध्ये हे काम चिपच्या आत, हार्डवेअरमध्ये होतं. तिच्यात ८ सॉकेट (एकाच वेळी चालणाऱ्या कनेक्शनांच्या जागा) आणि एकूण ३२ किलोबाइटचा बफर आहे, निम्मा पाठवायला आणि निम्मा घ्यायला. मायक्रोकंट्रोलरने फक्त 'या पत्त्याला जोड, हे बाइट पाठव' असं सांगायचं. तिची जुनी बहीण डब्ल्यू५१०० मध्ये ४ सॉकेट आणि १६ किलोबाइट आहेत. जुन्या शिल्डवर (आर्डुइनोवर बसणाऱ्या तयार पाट्यांवर) ती अजून दिसते आणि चालतेही, पण नवीन घेताना ५५०० च घ्या.

ईएनसी२८जे६० स्वस्त म्हणून मोह पडतो. ती फक्त इथरनेटच्या फ्रेम (वायरीवरून जाणारे माहितीचे गठ्ठे) घेते आणि पाठवते, त्यापुढचं सगळं मायक्रोकंट्रोलरच्या डोक्यावर. आर्डुइनो ऊनोकडे एकूण रॅम २ किलोबाइट, आणि इथरनेटची पूर्ण लांबीची एक फ्रेम १५१८ बाइटची. एक फ्रेम आत घेतली की तीन-चतुर्थांश रॅम गेली. लाइब्ररी यातून वाट काढतात, फ्रेम चिपच्या ८ किलोबाइट बफरमध्ये ठेवून तुकड्यातुकड्याने वाचतात, पण आपल्या प्रोग्रामला हातपाय पसरायला जागा उरत नाही. शिवाय ही चिप फक्त १० मेगाबिटवर चालते, म्हणजे १९९० सालच्या मानकावर, आणि वेग किंवा डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) समोरच्याशी आपणहून ठरवत नाही. समोरचा स्विच अशा वेळी हाफ डुप्लेक्स गृहीत धरतो. म्हणून तिला फुल डुप्लेक्सवर नेऊ नका. एक बाजू फुल आणि दुसरी हाफ झाली की पिंग जाईल पण जड वाहतुकीत पाकिटं गळतील, आणि हा दोष शोधायला फार वेळ जातो. तुमच्याकडे ती पडून असेल तर वापरा, शिकायला उत्तम आहे. विकत घेऊ नका.

तिसरा मार्ग ईएसपी३२ चा. मूळ ईएसपी३२ मध्ये इथरनेटचा मॅक (फ्रेम हाताळणारा भाग) आतच आहे, बाहेरून फक्त लॅन८७२० सारखी फिजिकल थराची (केबलवर प्रत्यक्ष सिग्नल सोडणारी) चिप लागते. वेग चांगला मिळतो आणि टीसीपी-आयपीसाठी भरपूर रॅम असते. पण या जोडणीत ५० मेगाहर्ट्झचं क्लॉक धावतं. ब्रेडबोर्डवर लांब जंपर वायरींनी ते जोडायचा प्रयत्न मी केला आहे. कधी लिंक यायची, कधी नाही, आणि वायरीला बोट लावलं की चित्र बदलायचं. बरेचदा हे क्लॉक जीपीआयओ ० या पिनवर येतं आणि तीच पिन चिप सुरू होताना कोणत्या मोडमध्ये जायचं ते ठरवते. तेवढ्या क्षणी ती शून्यावर असली की ईएसपी३२ प्रोग्राम चालवण्याऐवजी नवा प्रोग्राम चढवून घेण्याच्या तयारीत बसून राहतो. म्हणून हा मार्ग घ्यायचा तर दोन्ही चिपा एकाच पाटीवर असलेला तयार बोर्ड घ्या. आणि एक लक्षात असू द्या: ईएसपी३२ च्या एस२, एस३ आणि सी३ या भावंडांमध्ये हा आतला मॅक नाही. त्यांना पुन्हा एसपीआयवरची डब्ल्यू५५०० च जोडावी लागते.

पुढचं सगळं डब्ल्यू५५०० आणि आर्डुइनोची नेहमीची इथरनेट लाइब्ररी धरून लिहितो. ही लाइब्ररी ५१००, ५२०० आणि ५५०० यांपैकी कोणती चिप आहे ते स्वतः ओळखते.

वीज: इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

डेटाशीटमधले आकडे बोलके आहेत. केबल नसताना डब्ल्यू५५०० सुमारे ६५ मिलिअँपिअर घेते, १०० मेगाबिटची लिंक जुळली की १२८, माहिती पाठवताना १३२. म्हणजे केबल आत जाताच मागणी जवळजवळ दुप्पट होते. आणि आर्डुइनो ऊनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनवरून घ्यायची मर्यादा आहे ५० मिलिअँपिअर.

माझ्या पहिल्या मॉड्यूलच्या वेळी मी ही बेरीज केली नव्हती. पिन ३.३ ची, मॉड्यूल ३.३ चं, जोडून टाकलं. सिरियल मॉनिटरवर कधी पत्ता मिळायचा, बहुतेक वेळा नाही. दोन संध्याकाळी लाइब्ररी बदलण्यात गेल्या. मल्टिमीटरने व्होल्टेज पाहिलं होतं, बरोबर ३.३ होतं, त्यामुळे विजेवर संशयच गेला नाही. तिसऱ्या दिवशी प्रोब लावलेले असतानाच सहज केबल खुपसली आणि आकडा डोळ्यांदेखत २.७ वर आला. या चिपला किमान २.९७ व्होल्ट लागतात. ती अर्धवट जागी होत होती, इतकंच.

म्हणून व्होल्टेज मोजायचं ते केबल लावून, लिंकचा दिवा लागलेला असताना, आणि थेट मॉड्यूलच्या पिनांवर. ब्रेडबोर्डच्या पट्टीवर मोजलं तर मधल्या वायरीत पडणारं व्होल्टेज दिसणार नाही.

उपाय सोपा आहे. काही मॉड्यूलवर स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि ५ व्होल्टची वेगळी पिन असते. तशी असेल तर तिलाच वीज द्या. नसेल तर ५ व्होल्टवरून ३.३ करणारा एएमएस१११७ सारखा छोटा रेग्युलेटर लावा आणि त्याच्या आउटपुटवर २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अगदी जवळ बसवा. सिरॅमिकचा ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर मॉड्यूलच्या वीजपिनांपाशी घाला. मायक्रोकंट्रोलर आणि मॉड्यूल यांचं ग्राउंड एकच हवं, हे सांगायला नको, पण विसरलं जातं म्हणून सांगतो.

जोडणी

ऊनोवर या वायरी लागतात:

एमओएसआय (चिपकडे जाणारी माहिती) पिन ११ ला
एमआयएसओ (चिपकडून येणारी माहिती) पिन १२ ला
एससीके (क्लॉक) पिन १३ ला
सीएस (खाली ओढली की चिप निवडली जाते) पिन १० ला
रीसेट कोणत्याही मोकळ्या पिनला, उदाहरणार्थ ९

मेगावर पहिल्या तीन अनुक्रमे ५१, ५० आणि ५२ अशा असतात. तिथे पिन ५३ वापरत नसाल तरी ती आउटपुट करून ठेवा, नाहीतर चिपचा एसपीआय मास्टर राहत नाही. ऊनोवर हाच नियम पिन १० ला आहे.

डब्ल्यू५५०० च्या सिग्नल पिना ५ व्होल्ट सहन करतात, त्यामुळे ऊनोशी जोडताना लेव्हल बदलणारं सर्किट लागत नाही. वायरी मात्र आखूड ठेवा, बोटाएवढ्या. जास्त लांबी अटळ असेल तर एसपीआयचा वेग ४ मेगाहर्ट्झवर आणून सुरुवात करा आणि सगळं चालू झाल्यावर वाढवत न्या.

रीसेटची वायर बरेच जण वाचवतात, कारण तिच्याशिवायही चालतं. मी ती नेहमी घालतो. सहा महिन्यांनी चिप एखाद्या वेळी अडकली तर प्रोग्रामला तिला उठवता आलं पाहिजे. रीसेट किमान ५०० मायक्रोसेकंद खाली ओढायचा. मी १० मिलिसेकंद ओढतो आणि सोडल्यावर थोडा वेळ थांबतो.

त्याच एसपीआयवर एसडी कार्ड असेल तर एक सापळा आहे. जुन्या इथरनेट शिल्डवर एसडीची सीएस पिन ४ असते. ती तुम्ही वापरली नाही आणि मोकळी सोडली तर कार्ड मधेच स्वतःला निवडलेलं समजतं आणि इथरनेटच्या बोलण्यात तोंड घालतं. सेटअपच्या पहिल्या दोन ओळींत दोन्ही सीएस पिना आउटपुट करून वर करा. स्वतः बोर्ड बनवत असाल तर प्रत्येक सीएसवर १० किलोओहमचा पुल-अप (पिन वर धरून ठेवणारा रोध) घाला, म्हणजे प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच्या क्षणातही सगळे शांत राहतील.

चिप उत्तर देते का?

लाइब्ररीकडे जाण्यापूर्वी चिपला एकच प्रश्न विचारा. डब्ल्यू५५०० मध्ये तिची आवृत्ती सांगणारं एक रजिस्टर आहे, सोळा-आधारी पत्ता ००३९. सीएस खाली घ्या आणि एसपीआयवरून तीन बाइट पाठवा, सोळा-आधारीत: ००, ३९, ००. पहिले दोन म्हणजे पत्ता, तिसरा म्हणजे 'सामाईक रजिस्टरांतून वाचायचं आहे'. मग चौथा बाइट वाचा आणि सीएस वर करा. उत्तर ०४ यायला हवं.

०४ आलं तर वीज, चारही वायरी आणि रीसेट हे सगळं एका फटक्यात बरोबर ठरलं. ०० किंवा २५५ आलं तर कोड बदलत बसू नका. सतत ०० म्हणजे बहुधा वीज नाही, रीसेट खाली अडकला आहे किंवा एमआयएसओ ग्राउंडला टेकली आहे. सतत २५५ म्हणजे एमआयएसओ कुणी चालवतच नाही, वायर सुटली आहे किंवा सीएस चुकीच्या पिनला आहे. कधी ०४ आणि कधी भलतंच येत असेल तर वायरी लांब आहेत किंवा वेग जास्त आहे. हा वाचन-प्रयोग शंभर वेळा फिरवा आणि शंभरही वेळा ०४ आलं तरच पुढे जा.

लाइब्ररीत याच कामाला हार्डवेअर-स्टेटस नावाचं फंक्शन आहे. पण ते बिगिन हाक मारल्यानंतरच खरं बोलतं, त्याआधी विचारलं तर चांगली चिप असूनही 'हार्डवेअर नाही' म्हणेल. आणि बिगिनच्या आधी इनिट फंक्शनला सीएसची पिन सांगायची असते. लिंक-स्टेटस हे दुसरं फंक्शन केबल जोडलेली आहे की नाही ते सांगतं. ते ५५०० वर चालतं, ५१०० वर नेहमी 'माहीत नाही' असंच उत्तर येतं.

मॅक पत्ता उदाहरणातून उचलू नका

डब्ल्यू५५०० ला कारखान्यातून मॅक पत्ता (नेटवर्कवरची उपकरणाची सहा बाइटची ओळख) मिळालेला नसतो. तो आपण द्यायचा. आर्डुइनोच्या उदाहरणांत डीई-एडी-बीई-ईएफ-एफई-ईडी असा एक पत्ता असतो आणि जगभर तोच कॉपी होतो. एका उपकरणापुरतं ते खपतं. मी तशाच कोडची दोन उपकरणं बनवून एकाच स्विचला लावली होती. आयपी वेगवेगळे, तरी दोन्ही आळीपाळीने गायब व्हायची. स्विच कोणता मॅक कोणत्या पोर्टवर आहे ते लक्षात ठेवतो. इथे तोच मॅक कधी तिसऱ्या पोर्टवरून बोलायचा, कधी पाचव्या, आणि स्विच शेवटी जिथून आवाज आला तिकडे सगळी पाकिटं पाठवायचा.

स्वतःचा पत्ता बनवायचा नियम असा: पहिला बाइट ०२ ठेवा, म्हणजे 'हा पत्ता स्थानिक पातळीवर दिलेला आहे' अशी खूण होते. पुढचे पाच बाइट तुमच्या मनाने, पण प्रत्येक उपकरणाला वेगळे. पहिला बाइट विषम ठेवू नका, विषम म्हणजे तो अनेकांसाठीचा गट-पत्ता ठरतो आणि काहीच चालत नाही. उपकरणावर पत्त्याचं छोटं लेबल चिकटवा. बरीच उपकरणं करायची असतील तर २४एए०२ई४८ सारखी, जगात एकमेव पत्ता लिहूनच येणारी छोटी ईईप्रॉम (स्मृती) चिप मिळते. ती लावली की सगळ्यांना एकच प्रोग्राम चालतो. ईएसपी३२ च्या आत स्वतःचा पत्ता असतो, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आयपी आणि पिंग

पहिल्या चाचणीला आयपी हाताने द्या. राउटर १९२.१६८.१.१ असेल तर उपकरणाला १९२.१६८.१.५० सारखा, डीएचसीपीच्या (राउटर आपोआप पत्ते देतो त्या) वाटपाबाहेरचा पत्ता. बिगिनला पाचही गोष्टी द्यायच्या असतील तर क्रम नीट पाहा: मॅक, आयपी, मग डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर), मग गेटवे (बाहेर जायचा रस्ता, बहुधा राउटर), मग सबनेट. तिसऱ्या जागी गेटवे असेल असं मनाने धरून लिहिलं की घरातल्या नेटवर्कवर सगळं चालतं आणि बाहेरचं काहीच पोचत नाही.

आता संगणकावरून त्या पत्त्याला पिंग करा. उत्तर आलं तर आनंद करा, पण ते उत्तर कुणी दिलं ते समजून घ्या. डब्ल्यू५५०० पिंगचं उत्तर स्वतःच देते, मायक्रोकंट्रोलरला विचारतही नाही. आयपी एकदा रजिस्टरात लिहिला की तुमचा प्रोग्राम लूपमध्ये अडकून मेला असला तरी पिंग चालूच राहतं. ईएनसी२८जे६० वर उलटं असतं. तिथे पिंगचं उत्तर लाइब्ररी देते, म्हणजे लूप फिरत असेल तरच. 'पिंग येतंय म्हणजे उपकरण जिवंत आहे' हे ५५०० च्या बाबतीत खरं नाही. देखरेखीसाठी पिंग वापरणार असाल तर हे ध्यानात असू द्या.

पिंग येत नसेल तर संगणकावरचा एआरपी तक्ता (कोणत्या आयपीमागे कोणता मॅक आहे त्याची यादी) पाहा. त्यात तुमचा ०२ ने सुरू होणारा मॅक दिसला तर दोन्ही दिशांनी फ्रेम जात आहेत, वरच्या थरात काहीतरी अडतंय. दिसलाच नाही तर आयपी वेगळ्या सबनेटमधला आहे किंवा आधीची एखादी पायरी कच्ची राहिली आहे.

मग डीएचसीपीवर या. रोजच्या वापराला माझी पसंती राउटरमध्ये त्या मॅकसाठी ठरावीक आयपी राखून ठेवण्याला आहे. पत्ता स्थिर राहतो आणि कोडमध्ये कोरावा लागत नाही. दोन गोष्टी पाळा. लूपमध्ये मेंटेन फंक्शन नियमित हाकारा, नाहीतर पत्त्याची मुदत संपल्यावर नूतनीकरण होत नाही. आणि डीएचसीपीचं उत्तर आलं नाही तर बिगिन तब्बल ६० सेकंद अडकून बसतं हे लक्षात ठेवा. ऊनोवरच्या एव्हीआर चिपचा वॉचडॉग (अडकलेला प्रोग्राम रीसेट करणारा टायमर) जास्तीत जास्त ८ सेकंद थांबतो. दोन्ही एकत्र आले की वीज गेल्यानंतर राउटर उठेपर्यंत उपकरण रीसेट होत राहतं. बिगिनलाच मुदत देता येते. ५ सेकंद द्या, अपयश आलं तर बाकीची कामं करा आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारा.

माहिती पाठवणं

इथून पुढे कोड म्हणजे वाय-फायवरचाच कोड, त्यामुळे भरभर जातो. फक्त दोन ठिकाणी थांबायला हवं.

पहिलं, अक्षरागणिक पाकीट. या लाइब्ररीत प्रत्येक प्रिंट लगेच वायरीवर जातं. फ्लॅशमध्ये ठेवलेला मजकूर एफ मॅक्रोने प्रिंट केला तर तो एकेक अक्षर करून जातो. एका अक्षराभोवती टीसीपीचे २० आणि आयपीचे २० बाइट, वर इथरनेटचं आवरण. सगळ्यात लहान फ्रेमच ६४ बाइटची असते. शंभर अक्षरांचं पान म्हणजे शंभर पाकिटं, प्रत्येकाच्या पोचपावतीची वाट पाहत. पान रांगत रांगत उघडतं आणि लोक चिपला दोष देतात. १२८ बाइटचा एक बफर घ्या, त्यात ओळी जुळवा आणि भरला की एकदाच राइट करा. फरक डोळ्यांना दिसतो.

दुसरं, सॉकेट. चिपमध्ये आठ आहेत, ऊनोवर ही लाइब्ररी त्यातले चारच वापरते, आणि ते संपतात. ब्राउझर एका पानासाठी एकाहून जास्त कनेक्शनं उघडतो, पानाच्या छोट्या चिन्हासाठी वेगळी विनंती पाठवतो, आणि कधी कनेक्शन उघडून काहीच न बोलता बसून राहतो. तुमचा सर्व्हर त्याच्या बोलण्याची वाट पाहत राहिला की एक सॉकेट अडकला. प्रत्येक क्लायंटला २ सेकंदांची मुदत द्या. बोलला तर उत्तर द्या, नाही बोलला तरी शेवटी स्टॉप हाकाराच. आदल्या भागातली पिंगची गोष्ट इथे उपयोगी पडते: पिंग व्यवस्थित येतंय पण पान उघडत नाही, तर सॉकेट संपले किंवा लूप अडकला, केबल तपासू नका.

नियमित मोजमापं पाठवायची असतील तर वेब सर्व्हरपेक्षा एमक्यूटीटी (ब्रोकर नावाच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत छोटे निरोप पाठवायची पद्धत) बरं. एकच कनेक्शन, एकच सॉकेट, पोर्ट १८८३. दर काही सेकंदांनी जिवंत असल्याची खूण जाते. ठरलेल्या वेळेच्या दीडपट काळ उपकरण गप्प राहिलं की ब्रोकर स्वतः कनेक्शन तोडतो आणि आधी सांगून ठेवलेला शेवटचा निरोप सगळ्यांना देतो. पिंग जे सांगू शकत नाही ते इथे कळतं, कारण ही खूण प्रोग्रामच पाठवतो.

डब्ल्यू५५०० माहिती कूटबद्ध करत नाही आणि ऊनोच्या रॅममध्ये ते ओझं मावत नाही. म्हणून असं उपकरण घरच्या नेटवर्कच्या आतच ठेवा आणि राउटरमधून त्याचं पोर्ट बाहेर उघडू नका. बाहेर बोलायचंच असेल तर ईएसपी३२ घ्या किंवा आतल्याच एखाद्या संगणकामार्फत बोला.

केबल, आणि केबलमधून वीज

तयार केबल घेत असाल तर हा भाग सोडा. स्वतः क्रिंप करणार असाल तर ५६८बी या रंगांच्या मानकाचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तिसऱ्या आणि सहाव्या जागी हिरवी जोडी विभागलेली का, असं वाटतं आणि हात आपोआप जोड्या शेजारी-शेजारी लावतात. दोन्ही टोकांना तीच चूक केली तर टेस्टरचे आठही दिवे नीट लागतात, कारण प्रत्येक वायर आपल्या जागी पोचते. पण ३ आणि ६ वर जाणारा सिग्नल एकमेकांत पिळलेल्या जोडीतून न जाता दोन वेगळ्या जोड्यांतून जातो. आखूड केबलीवर ते खपून जातं, लांब ओढली की लिंक डळमळते. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. वीज पडली तर जॅकमधला ट्रान्सफॉर्मर तिला पुरा पडणार नाही.

१०० मेगाबिटला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या लागतात. उरलेल्या ४-५ आणि ७-८ यांतून वीज पाठवायची स्वस्त पॅसिव्ह इंजेक्टरची जोडी मिळते, ४-५ धन आणि ७-८ ऋण. कल्पना छान आहे, पण आधी तुमच्या जॅकच्या आत काय आहे ते डेटाशीटमध्ये पाहा. बऱ्याच जॅकमध्ये या मोकळ्या जोड्या प्रत्येकी ७५ ओहमच्या रोधातून एकत्र जोडलेल्या असतात. २४ व्होल्टचा इंजेक्टर लावला की त्या दोन रोधांवर, एकूण १५० ओहमवर, जवळपास ४ वॅट उष्णता तयार होते. रोध जळतो, कधी जॅकचं प्लास्टिकही वितळतं. वीज जॅकपर्यंत जाण्याआधी स्प्लिटरने बाजूला काढा. केबलमधून वीज देणारा ८०२.३एएफ मानकाचा स्विच मात्र आधी २५ किलोओहमचा ओळख-रोध शोधतो आणि तो सापडला तरच वीज सोडतो. साध्या उपकरणाला त्याच्यापासून धोका नाही. तुमच्या बाजूला त्या मानकाचं मॉड्यूल लावलं तर १२.९५ वॅटपर्यंत मिळतात, आपल्या कामाला ते पुष्कळ झाले.

पेटी बंद करण्यापूर्वी

शेवटची चाचणी टेबलावरच करा, पेटीत स्क्रू घट्ट केल्यावर नाही. उपकरण चालू असताना केबल काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा. मग केबल तशीच ठेवून फक्त राउटर बंद-चालू करा. मग ब्रोकर बंद करा आणि दहा मिनिटांनी सुरू करा. मग केबल काढलेली असतानाच उपकरणाची वीज घालवा, परत द्या, आणि केबल दोन मिनिटांनी लावा. या चौथ्या चाचणीत माझे बहुतेक प्रोग्राम पहिल्यांदा नापास झाले आहेत, कारण सुरुवातीला पत्ता मिळाला नाही तर पुढे काय करायचं हे लिहिलेलंच नसतं.

लूपमध्ये एक छोटी मोजणी ठेवा: सलग किती वेळा पाठवणं फसलं. पाच वेळा फसलं तर सॉकेट बंद करून नव्याने जोडा, दहा वेळा फसलं तर रीसेटची वायर खाली ओढून चिप नव्याने सुरू करा. आणि ही मोजणी दर निरोपासोबत पाठवत राहा. आठवड्याने नोंदी चाळताना आकडा शून्यच दिसला तर पेटी बंद करा. मधूनमधून तीन-चार दिसत असेल तर मल्टिमीटर घ्या, केबल लावलेली असतानाच मॉड्यूलच्या वीजपिनांवर प्रोब टेकवा आणि व्होल्टेज पुन्हा एकदा मोजा.